हरल्यावर घरी कसा असतो

४ मे

बाळ,

त्या सकाळी मी चादरी भिजत घातल्या होत्या, दूध गॅसवर होतं, आणि तू टेबलाखाली बसून माझ्या चांगल्या पातेल्यावर चमचा बडवत होतास. पुढचं दार दमट हवेनं फुगून अडकलं होतं, म्हणून ती दोन माणसं मागच्या दारानं आली. एक म्हातारे होते आणि एक तरुण, नव्या बुटांतला. तो क्लबचा चिटणीस. तुझे बाबा कामाला गेले होते. मला वाटलं, त्यांनी कुठे भांडण केलं की काय.

मी हात पुसले, दोघांना बसायला सांगितलं आणि दुधाकडे बघत उभी राहिले. चिटणीसांनी एकच प्रश्न विचारला. म्हणाले, "वहिनी, संघ हरल्यावर हे घरी कसे असतात?"

तेव्हा तुझे बाबा खालच्या गटातला एक लहान फुटबॉल संघ सांभाळत होते आणि वरचेवर हरत होते, त्यामुळे उत्तर शोधावं लागलं नाही. मी म्हटलं, "हरले की भांडी घासतात. जिंकले तर स्वतःचं ताटसुद्धा उचलत नाहीत. मला विचाराल तर अधूनमधून हरलेले बरे." दोघं हसले. मी थट्टा केलेली नव्हती. एवढ्यात दूध उतू गेलं, आणि त्याच आठवड्यात देशातल्या मोठ्या क्लबांपैकी एका क्लबानं तुझ्या बाबांना मॅनेजर नेमलं.

ही त्या क्लबची जुनी रीत. पूर्वी कधीतरी त्यांनी एक फार हुशार माणूस नेमला होता म्हणे. संघ हरला की तो घरातल्या माणसांना जेवू द्यायचा नाही, आणि पुढे पुढे खेळाडूंशीही तसाच वागायला लागला. तेव्हापासून शेवटच्या यादीत जो येईल त्याच्या घरी दोन माणसं जातात, चहा घेतात आणि एवढंच विचारतात. आता त्यांच्याकडे आलेख काढणारी माणसं आहेत, खेळाडू किती धावला ते सांगणारी यंत्रं आहेत. तरी ही रीत त्यांनी मोडलेली नाही. तुला हे सगळं माहीत आहे. पण तुला लिहायला बसले की सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, म्हणून तिथून केली.

परवा तुझा निरोप आला. अनोळखी नंबर बघून मला वीजबिलवाले वाटले. "आई, शेवटच्या तिघांत माझं नाव आहे. क्लबची माणसं तुझ्याकडे येतील. शांत असतो, एवढंच सांग."

पहिला शब्द मी पुष्कळदा वाचला. बारा वर्षांत तू तो मला उद्देशून लिहिला किंवा बोलला नव्हतास. बाबा गेले त्या दिवशी आलास तेव्हाही नाही. मागे भिंतीला टेकून उभा होतास आणि लोक पांगायच्या आधी निघून गेलास. मी चपला बघून ओळखलं की तू होतास, कारण तुझी डावी टाच आतून झिजते.

ते माझ्याकडेच का येणार हेही कळलं. तू एकटा राहतोस. तुझ्या घरी विचारायला कोणी नाही.

मोबाइलवर मला उत्तर लिहिता येत नाही. अंगठा मोठा आणि अक्षरं बारीक. म्हणून पत्र. तुला आठवत असेल, चौथीत शाळा सुटल्यावर मी परत वाचायला शिकले ते बाबांच्या पेपरातल्या सामन्यांच्या बातम्यांवर. अजून कादंबरी हातात घेतली की मी आधी शेवटचं पान उघडते. मॅनेजरच्या बायकोला धाकधूक पुरे झालेली असते. वाचनालयातल्या बाई त्यावरून मला रागावतात.

मी बरी आहे. एक ताट, एक वाटी, एक कप. भांडी घासायला मला वेळच लागत नाही, हीच अडचण आहे.

तुला हे काम मिळालं तर तू याच गावात राहशील. या घरात राहा असं मी म्हणणार नाही. पण मैदान आपल्याकडून चालत जाण्याएवढं आहे आणि भाजीबाजार एकच आहे. ओळख दाखवली नाहीस तरी चालेल. समोरच्या फुटपाथवरून जाताना दिसशील तरी.

आई


९ मे

बाळ,

काल ते येऊन गेले. तेव्हाचे चिटणीस आता अध्यक्ष आहेत आणि काठी घेऊन चालतात. बरोबर क्लबच्या डॉक्टरीणबाई होत्या. पुढचं दार आता अडकत नाही, तुझ्या बाबांनी ते घासून दिलं होतं. तरी अध्यक्ष वळसा घालून मागच्याच दारानं आले. म्हणाले, मला हेच दार माहीत आहे.

मी चहा ठेवला. कप कमी पडतील म्हणून वरच्या फळीवरचे काढले, त्यांना धूळ होती, ते धुतले. तेवढ्यात अध्यक्षांनी बाकी दोघांच्या घरच्या गोष्टी सांगितल्या. सांगायला नको होत्या, पण त्यांना राहवलं नाही. एक बाहेरदेशचा आहे, पुष्कळ कप जिंकलेला. क्लबात त्याला सगळे कपवालाच म्हणतात. त्याच्या बायकोनं सांगितलं की हरल्यावर तो घरी येतच नाही, हॉटेलात राहतो, त्यामुळे कसा असतो ते हॉटेलवाल्यांना विचारा. दुसरा आपला दुय्यम, गेली पाच वर्षं मॅनेजरच्या हाताखाली काम करणारा. त्याची बायको म्हणाली, हरल्यावर झोपतो. अध्यक्षांनी विचारलं, झोप लागते? ती म्हणाली, लागते कसली, घोरतो, मलाच लागत नाही. अध्यक्षांना हे उत्तर फार आवडलेलं दिसलं.

मग त्यांनी कप खाली ठेवला आणि मला विचारलं.

शांत असतो. दोनच शब्द होते आणि मी ते सकाळपासून घोकले होते. भाजी चिरताना, केर काढताना. तुझी वरची खोलीसुद्धा मी आदल्या दिवशी उघडून ठेवली होती, वारा लागावा म्हणून. तू हे वाचून चिडशील, पण लिहिते. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "मला माहीत नाही. मी त्याला बारा वर्षांत हरताना पाहिलेलं नाही. जिंकतानाही नाही."

डॉक्टरीणबाई भल्या आहेत. त्यांनी विचारलं, लहानपणी कसा होता? मी सांगितलं, पटावरचा खेळ हरला की टेबलाखाली जाऊन बसायचा आणि जेवायला बोलावलं तरी यायचा नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, लहान मुलं अशीच असतात.

अध्यक्ष जाताना म्हणाले की सोमवारी समिती बसेल. तुझं नाव त्यांना पसंत आहे. तुझा संघ गरीब असूनही तू त्याला नीट उभा केलास, आलेखवाल्यांचंही तुझ्याबद्दल चांगलं मत आहे. फक्त घरचं उत्तर रिकामं राहिलं तर ते पुढे जाणार नाहीत. कोणासाठीच गेले नाहीत. सोमवारी दुपारपर्यंत काही सांगावंसं वाटलं तर ऑफिसात या, एवढं म्हणून त्यांनी काठी उचलली.

रात्री तुझा दुसरा निरोप बघितला. "काय सांगितलंस?" हे सांगितलं.

हे सगळं वाचून तुला वाटेल, आई मुद्दाम अडवते आहे. तसं नाही. खोटं मला जमत नाही असंही नाही. तुझे बाबा आजारी होते तेव्हा मी त्यांना रोज सांगत होते की रंग सुधारलाय. पण हा प्रश्न मला या घरात दुसऱ्यांदा विचारला गेला. पहिल्यांदा खरं बोलले होते, त्यावर बावीस वर्षांचं काम उभं राहिलं.

पेपरात बघितलं, रविवारी तुमचा शेवटचा सामना आहे.

आई


१२ मे

बाळ,

हे बसस्थानकाच्या बाकावर बसून लिहिते आहे. तुझ्याच गावाच्या. टाकीन की नाही ते ठरवलेलं नाही.

सकाळच्या बसनं आले. तिकीट काढून समोरच्या बाजूला वरच्या पायऱ्यांवर बसले. तुमच्याकडे खुर्च्यांवर नंबर रंगवलेले आहेत आणि उन्हानं ते अर्धे उडालेत. माझ्या शेजारी एक रिक्षावाला होता. त्यानं मला दाणे दिले आणि विचारलं, कोण खेळतंय तुमचं? मी म्हटलं, कोणी नाही, अशीच आले. तो म्हणाला, मावशी, अशीच यायला लोक समुद्रावर जातात.

तू दिसलास. केस मागे गेलेत, बाबांचे गेले होते तसेच. उजवा गुडघा अजून सरळ होत नाही, बाकावरून उठताना हात टेकतोस. खेळ मला कळतो. पहिल्या अर्ध्यात तू मधल्या दोघांच्या जागा बदलल्यास आणि समोरच्या संघाला पुढे यायची वाटच राहिली नाही. रिक्षावाला म्हणाला, आमचा मॅनेजर डोकेबाज आहे, पुढच्या वर्षी मोठा क्लब उचलून नेणार त्याला. मी दाणे सोलत राहिले. एवढं बरं मला पुष्कळ दिवसांत वाटलं नव्हतं.

मग शेवटाला तुमचा बचावातला डावा बॅक चेंडू मागे आपल्या गोलकीपरकडे द्यायला गेला आणि त्यानं तो समोरच्याच्या पायात दिला. तेवढ्यावर हरलात.

मी सामन्याकडे बघणं थांबवलं आणि तुझ्याकडे बघत राहिले. त्यासाठीच आले होते.

तू ओरडला नाहीस. बाटली फेकली नाहीस. पंचांशी हात मिळवलास, समोरच्या मॅनेजरशी मिळवलास. लांबून बघणारा कोणीही म्हणाला असता, शांत माणूस आहे. मग खेळाडू एकेक करून आत जायला लागले आणि तू वाटेवर उभा राहून प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवत होतास. तो बॅक सगळ्यांत शेवटी आला. तुझ्यासमोर थांबला. काहीतरी बोलला, बहुतेक माफी मागितली. तू त्याच्यावरून नजर फिरवलीस, जशी खांबावरून फिरते, आणि चालायला लागलास. तो तिथेच उभा राहिला. मैदान झाडणारे आले तरी उभा होता.

रिक्षावाला म्हणाला, आता गेला तो. मी विचारलं, म्हणजे? तो म्हणाला, मॅनेजर असं एकदा करतो, मग त्या खेळाडूशी बोलत नाही. मागचा गोलकीपर होता, चार महिने बाकावर बसला आणि क्लब सोडून गेला. शिवी दिली असती तरी राहिला असता बिचारा.

मी त्या बॅककडे बघत होते आणि मला वाटलं, तिथे मी उभी आहे.

नंतर तुझ्या घराशी गेले. गल्ली शोधायला वेळ लागला, पानाच्या गादीवाल्यानं दाखवली. तू अजून आला नव्हतास. फाटक पुढे ओढलेलं होतं. खिडकीत एक कप उपडा घातलेला दिसला. एकच. आपल्या दोघांची भांडी सारखीच आहेत.

थांबले असते तर भेटला असतास. पण तू पहिलं विचारलं असतंस, काय सांगणार आहेस, आणि ते माझं मला अजून ठरायचं होतं. खोटं सांगायला मला आधी काही माहीत नसायला हवं होतं. आता माहीत झालं. खरं म्हणजे आधीच होतं. अध्यक्षांना मी म्हटलं की बारा वर्षांत पाहिलं नाही, ते चुकीचं होतं. बारा वर्षं रोज तेच पाहते आहे.

बस लागली.


१९ मे

बाळ,

मागचं पत्र टाकलं नव्हतं, ते याच्यासोबत घालते आहे. मंगळवारी तुझ्या फाटकाशी मी धड बोलू शकले नाही. जे राहिलं ते लिहिते.

सोमवारी सकाळी ऑफिसात गेले. अध्यक्ष आणि डॉक्टरीणबाई होत्या. मी बसले नाही, बसले असते तर रेंगाळले असते. मी सांगितलं की त्याला खेळ कळतो, माझ्या नवऱ्यापेक्षा कांकणभर जास्तच. तो आरडाओरडा करत नाही. पण हरला की बोलणं तोडतो. ज्याच्यामुळे हरलो असं त्याला वाटतं, तो माणूस त्याच्या लेखी उरतच नाही. शिकेल, पण अजून शिकलेला नाही.

अध्यक्षांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्याच्या आई ना?"

मी म्हटलं, "म्हणून तर ठाऊक आहे."

डॉक्टरीणबाई मला जिन्यापर्यंत पोचवायला आल्या. तिथे हळूच म्हणाल्या, तो आला असता तर तुमच्या जवळ राहिला असता. मी हो म्हटलं. त्यांना आणखी काहीतरी ऐकायचं होतं, पण माझ्याकडे तेवढंच होतं.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. दुय्यमाची निवड झाली. नाव उद्या दहा वाजता मैदानावरच्या फळ्यावर लागेल, मग पेपरवाल्यांना देतील. मी विचारलं, बाकीच्या दोघांना कोण सांगणार? ते म्हणाले, ऑफिसातून ईमेल जाईल, फळ्यावर लागतानाच. मी म्हटलं, एकाचं मी बघते.

पुढचं तुला माहीत आहे. मंगळवारी पहाटेच्या बसनं येऊन मी फाटकाबाहेरून हाक मारली, आणि तू गालाला साबण लावलेला तसाच बाहेर आलास. मी सांगितलं की तुझी निवड झाली नाही, आणि ती का झाली नाही, आणि ते सांगणारी मीच. तू विचारलंस, "मग आता कशाला आलीस?" मी म्हटलं, "फळ्यावर वाचायच्या आधी कोणीतरी येऊन सांगायला हवं होतं." तुझ्या गालावर साबण वाळत होता. तू मागे वळलास आणि आत गेलास. दार उघडंच राहिलं. ते माझ्यासाठी होतं की लावायचं विसरलास हे मला कळेना. मी दुपार उलटेपर्यंत बाहेर उभी राहिले आणि मग बस धरली.

आता जे राहिलं ते.

तुला बाबांची पद्धत ठाऊक होती. सामन्यातून कोणाला वगळायचं असलं की आदल्या संध्याकाळी ते त्या खेळाडूच्या घरी जायचे. त्याच्या आईवडलांसमोर बसायचे, पाणी प्यायचे, स्वतःच्या तोंडानं सांगायचे आणि निघायचे. बावीस वर्षांत एकाही खेळाडूनं आपलं नाव गळलेलं फळ्यावर वाचलं नाही. एक तू सोडून. आणि तेही बारा वर्षांपूर्वी, कपाच्या अंतिम सामन्याला, जिथे तुझा गुडघा टिकणार नाही हे त्यांना दिसत होतं आणि तुला मान्य नव्हतं.

दुसरीही एक गोष्ट तुला ठाऊक होती. तू संघात आलास त्या दिवशी त्यांनी घरात नियम केला. फुटबॉल फाटकाच्या आत येणार नाही. आत मी बाप, बाहेर मॅनेजर. तुला घरी निदान एक बाप मिळावा म्हणून. तो नियम त्यांनी एकदाही मोडला नाही. जेवताना चुकून कोणी स्कोअर म्हटला तरी ते ताट घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. आपण हसायचो.

अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. ते फाटकाबाहेर उभे होते. तू वर बूट पुसत बसला होतास, रेडिओ मोठा लावला होतास. त्यांनी खालून विचारलं, जरा बाहेर येतोस का? तू म्हणालास, नंतर. त्यांनी परत हाक मारली नाही. अंधार पडेपर्यंत वरच्या खिडकीकडे बघत तिथेच उभे राहिले. मला वाटलं, उद्याच्या काळजीनं हवा खात असतील. सकाळी तू उठायच्या आत ते मैदानावर गेले, आणि तू पोचलास तेव्हा कागद लागलेला होता.

तू बॅग घेऊन गेलास त्या आठवड्यात ते मला म्हणाले, "सगळ्यांच्या घरी गेलो गं. त्याच्या घरी कसा जाणार? तिथे मीच राहतो."

मी म्हटलं, मी कळवते त्याला. ते म्हणाले, हे माझं आहे, मीच सांगेन. मग वाट बघत राहिले की तू एकदा फाटकाशी येशील. आजारपणातही पलंग खिडकीशी लावायला लावला. सांगायचं राहिलं ते राहिलंच. तुझ्याकडून नंतर एका पत्राचंही उत्तर आलं नाही, आणि ही गोष्ट उत्तर न येणाऱ्या पत्रात घालायला माझा जीव धजला नाही. आता घालते. तू खांबावरून फिरवावी तशी नजर यावरूनही फिरवशील कदाचित. तरी तुझ्या घरी कोणीतरी येऊन गेलं, एवढं झालं.

त्या बॅकशी बोल. त्याला घरी जाऊन भेट.

मंगळवारी पोचायला अंधार झाला. वरच्या खोलीची खिडकी उघडी होती, ती लावली. दुसऱ्या दिवशी चादरी धुतल्या, वाचनालयातून पुस्तक बदलून आणलं, आणि दुपारी फाटकाबाहेर दोन खुर्च्या नेऊन ठेवल्या. एकीवर बसून मी उजेड असेपर्यंत वाचत राहिले, पहिल्या पानापासून.

आई